दुभंगलेली विद्या : स्पॅनिश भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर अध्ययनाची चिकित्सा

१९४५ साली ब्वेनोस आयरेस येथील लोसादा या प्रकाशनसंस्थेने फर्दिनां द सोस्यूर यांच्या सामान्य भाषाविज्ञानावरील व्याख्यानांचा स्पॅनिश अनुवाद प्रसिद्ध केला. अनुवाद आणि प्रस्तावना आमादो आलोन्सो यांची होती. त्याच्या पाचच वर्षे आधी, १९४० मध्ये, याच आलोन्सोंनी पाब्लो नेरुदा यांच्या काव्यशैलीवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. मध्ययुगीन स्पॅनिश उच्चारांपासून अर्वाचीन उच्चारांपर्यंतचा प्रवास शोधणारे दीर्घ संशोधन त्यांनी केले आणि पेद्रो एन्रीकेस उरेन्या यांच्यासह शाळांसाठी व्याकरणही रचले. ही चार कामे एकाच माणसाने केली याचे त्या काळात कोणाला विशेष आश्चर्य वाटले नाही. आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या स्पॅनिश विभागात हाच माणूस संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल होऊ लागला, तर प्रवेशअर्जावरच त्याला विचारले जाईल : भाषाविज्ञान की साहित्य? एका चौकटीत खूण केल्यावाचून त्याचा अर्ज पुढे सरकणार नाही.

ही चौकट निरुपद्रवी कार्यालयीन सोय आहे, असे सामान्यतः मानले जाते. तिने स्पॅनिशच्या अध्ययनाचे जे नुकसान केले आहे, त्याची तपासणी येथे करावयाची आहे. त्यामागील प्रतिपाद्य थोडक्यात असे : भाषिक उक्ती ही नेहमी कोणाची तरी, कोठली तरी आणि कोणत्या तरी प्रयोजनाने केलेली उक्ती असते. तिचे वर्णन करणाऱ्याला तिचा प्रकार, तिचा काळ आणि तिचा बोलणारा ओळखता आला पाहिजे. तिचा आस्वाद घेणाऱ्याला तिची घडण उलगडता आली पाहिजे. या दोन क्षमता दोन वेगळ्या पदव्यांत वाटून दिल्या, की दोन्हीकडे अर्धवट अभ्यासक तयार होतात आणि आपण अर्धवट आहोत हे कोणत्याही बाजूला कळत नाही, कारण प्रत्येकाचा परीक्षक त्याच्याच बाजूचा असतो.

जी एकात्म परंपरा मोडली तिचे स्वरूप आधी पाहावे लागेल. माद्रिदमध्ये १९१० साली स्थापन झालेल्या ऐतिहासिक अध्ययन केंद्रात रामोन मेनेन्देस पिदाल यांनी जी विद्या उभी केली तिला भाषाशास्त्र म्हणावे की साहित्यसंशोधन, हा प्रश्नच तेथे अप्रस्तुत होता. १९०८ ते १९११ या काळात त्यांनी ‘मिओ सिद’ या मध्ययुगीन वीरकाव्याची जी आवृत्ती प्रसिद्ध केली, ती संहिता, व्याकरण आणि शब्दकोश अशा तीन अंगांची होती. काव्य वाचण्यासाठी व्याकरण हवे आणि व्याकरण सिद्ध करण्यासाठी काव्य हवे, ही त्या आवृत्तीची रचनाच सांगते. याच केंद्रात तोमास नावार्रो तोमास यांनी प्रायोगिक ध्वनिविज्ञान रुजवले; त्यांच्याच नेतृत्वाखाली इबेरियन द्वीपकल्पाच्या भाषिक नकाशासंग्रहासाठी १९३१ पासून गावोगावी सर्वेक्षण सुरू झाले. १९३६ च्या यादवी युद्धाने हे सारे उधळले गेले. नावार्रो तोमास न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, आमेरिको कास्त्रो प्रिन्स्टनला; ब्वेनोस आयरेसच्या भाषाशास्त्र संस्थेचे १९२७ पासूनचे संचालक आलोन्सो १९४६ मध्ये तेथून हार्वर्डला गेले. संयुक्त संस्थानांतील स्पॅनिश विभागांना हे वैभव असे निर्वासितांच्या हातून लाभले.

तथापि या परंपरेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. तिच्या पोटात कास्तिलियाचे वर्चस्व होते. द्वीपकल्पातील इतर बोलींना मागे सारून कास्तिलियन पुढे आली, या ऐतिहासिक घटनेला तिने जणू नियतीचे रूप दिले आणि अटलांटिकपलीकडील स्पॅनिशकडे शाखा म्हणून पाहिले. शाखा जितकी मूळ खोडासारखी दिसेल तितकी ती निरोगी ठरवली. १९४१ मध्ये ब्वेनोस आयरेसलाच प्रसिद्ध झालेले कास्त्रो यांचे ला प्लाता खोऱ्यातील भाषिक वैशिष्ट्यांवरील पुस्तक हा या वृत्तीचा कळस होय. ज्या संस्थेचे ते १९२३ मध्ये पहिले संचालक होते, त्या संस्थेच्या शहराची भाषा त्यांना बिघडलेली, बेशिस्त वाटली. आणि तिच्या बिघाडाचे एक ठळक लक्षण म्हणून त्यांनी बोट ठेवले ते ‘वोस’ या सर्वनामावर.

‘वोस’ची कथा मराठी वाचकाला समजायला अवघड नाही. मूळ लॅटिनमधील हे द्वितीय पुरुषाचे अनेकवचन. जुन्या स्पॅनिशमध्ये ते आपल्या ‘तुम्ही’प्रमाणे आदरार्थी एकवचन झाले. सोळाव्या शतकात त्याची प्रतिष्ठा घसरली आणि आदरासाठी दुसरे रूप पुढे आले, त्यातूनच आजचे ‘उस्तेद’ सिद्ध झाले. स्पेनमध्ये जवळिकीसाठी ‘तू’ टिकले (स्पॅनिशमध्येही ते ‘तू’च आहे), ला प्लाता खोऱ्यात आणि मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागात ‘वोस’ टिकले. म्हणजे जे रूप कास्त्रो यांना विकृती वाटले ते खुद्द स्पेनच्याच भाषेतील एक जुना, जिवंत राहिलेला थर होते. हा इतिहास कास्त्रो यांना ठाऊक नव्हता असे नाही. माहिती असूनही निर्णय चुकला, हीच लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

त्याच वर्षी होर्हे लुइस बोर्हेस यांनी ‘सुर’ या नियतकालिकात या पुस्तकाचा कडक समाचार घेतला. त्या लेखातील उपहास सर्वांच्या लक्षात राहिला. त्यातील पद्धतीविषयक आक्षेप मात्र भाषाविज्ञानाच्या वर्गात क्वचितच शिकवला जातो. कास्त्रो यांनी पुराव्यादाखल घेतलेल्या उताऱ्यांत विनोदी लेखकांची आणि लोकनाट्यातील विडंबनाची भाषा होती. ती शहराच्या बोलण्याची नोंद म्हणून वाचणे म्हणजे प्रहसनाला जबानी समजणे होय, असा त्या आक्षेपाचा आशय. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, भाषाशास्त्रज्ञ भाषाशास्त्रात चुकला नव्हता. तो वाचनात चुकला होता. त्याला साहित्यप्रकार ओळखता आला नाही. ही चूक दाखवून द्यायला एक साहित्यिक लागला. आर्जेन्टिनाच्या भाषा अकादमीने ‘वोस’ला शिष्ट व्यवहारातील न्याय्य रूप म्हणून मान्यता दिली ती १९८२ मध्ये, तोवर चार दशके लोटली होती.

आता हीच चूक होऊ नये म्हणून विद्येची फेररचना झाली असती तर ती स्वागतार्हच ठरली असती. प्रत्यक्षात संयुक्त संस्थानांमध्ये जे घडले त्याची कारणे वेगळी होती. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुतनिक सोडल्यावर पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला आणि परकीय भाषांच्या अध्यापनाकडे सरकारी पैसा वळला. भाषाविज्ञान स्पॅनिश विभागात शिरले ते या अध्यापनाचे साहाय्यक म्हणून. इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्या ध्वनिव्यवस्थांची आणि व्याकरणांची तुलना करणारे १९६५ चे ग्रंथ या काळाचे प्रातिनिधिक फळ होय. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला कोठे अडेल, हा त्यांचा प्रश्न. पाठोपाठ १९६९ मध्ये जेम्स हॅरिस यांचे स्पॅनिश ध्वनिव्यवस्थेवरील पुस्तक आले. आणि नवा, सिद्धान्तनिष्ठ काळ सुरू झाला. निर्वासितांच्या पिढीच्या जागी आता अशी पिढी आली जिचा प्रश्न स्पॅनिशविषयी नसून भाषा नावाच्या सामान्य क्षमतेविषयी होता. प्रश्न मोठा होता यात शंका नाही. परंतु त्याच्या उत्तरात स्पॅनिशचे स्थान साक्षीदाराचे झाले, तेही कोणते प्रश्न विचारायचे हे आधीच ठरलेल्या खटल्यात.

एक उदाहरण पुरेसे आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी चॉम्स्कीप्रणीत सिद्धान्तात असे मांडले गेले, की काही भाषांत कर्त्याचे सर्वनाम उच्चारावेच लागते, काहींत ते गाळता येते, आणि या एका फरकाशी वाक्यरचनेची इतरही वैशिष्ट्ये बांधलेली असतात. इंग्रजी पहिल्या गटात; इटालियन, स्पॅनिश दुसऱ्या. क्रियापदाच्या प्रत्ययातच पुरुष आणि वचन कळते, म्हणून सर्वनामाची गरज नाही, हे स्पष्टीकरण मराठी माणसालाही पटण्याजोगे आहे, ‘येतेस का?’ म्हणताना त्याला ‘तू’ लागत नाही. प्रश्न असा की, येथे ‘स्पॅनिश’ म्हणजे कोणाची स्पॅनिश? क्यूबा, प्वेर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक येथील बोलण्यात शब्दांती ‘स’ गळतो, त्यामुळे क्रियापदाच्या काही रूपांतील भेद पुसट होतो. सर्वनामे अधिक वेळा उच्चारली जातात. आणि ‘तुला काय हवे?’ अशा प्रश्नात सर्वनाम क्रियापदाच्या आधी येते, जे माद्रिदला खटकेल. रिकार्दो ओतेगी आणि आना सेलिआ सेन्तेया यांनी न्यूयॉर्कमधील स्पॅनिशवर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने कॅरिबियन आणि मुख्यभूमीवरील लॅटिन अमेरिकन भाषकांमधला हा सर्वनामांचा फरक मोजून दाखवला. कॅरिबियनच्या बोलींची वैशिष्ट्ये संशोधकांना अज्ञात होती असे नाही. सिद्धान्ताच्या कामकाजात मात्र भाषेचे एकवचनी नाव सोयीचे होते, आणि त्या नावाआड सुशिक्षित, प्रमाण, लिखित रूप गुपचूप उभे राहिले. कास्तिलियाचे वर्चस्व दाराबाहेर घालवले म्हणता म्हणता ते खिडकीतून आत आले, फरक इतकाच, की आता त्याच्या अंगावर शास्त्राचा झगा होता.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. आकारनिष्ठ व्याकरणसिद्धान्त हा येथे शत्रू नाही. इग्नासिओ बोस्के आणि वियोलेता देमोन्ते यांच्या संपादनाखाली १९९९ मध्ये तीन खंडांत आलेले स्पॅनिशचे वर्णनात्मक व्याकरण सिद्धान्ताची शिस्त मुरलेल्या अभ्यासकांच्या हातून झाले. आणि २००९ पासून प्रसिद्ध झालेले, स्पॅनिश भाषा अकादम्यांचे नवे व्याकरण, ज्याचे सूत्रधार पुन्हा बोस्केच होते, ते दोन्ही खंडप्राय भूभागांतील साहित्याच्या आणि वृत्तपत्रांच्या दाखल्यांवर उभे आहे. सिद्धान्त आणि वाचन एकत्र नांदू शकतात याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? मात्र असे ग्रंथ ज्या प्रशिक्षणातून निर्माण होतात ते प्रशिक्षण देण्याची तयारी दुभंगलेल्या विभागांत उरलेली नाही, ही तक्रार आहे.

तसेच स्पॅनिश ही केवळ साक्षीदार राहावी असा काही दैवी नियम नाही. बेआत्रिस लाबान्देरा यांनी १९७५ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात, विल्यम लबॉव्ह यांच्या समाजभाषावैज्ञानिक पद्धतीच्या माहेरघरी, ब्वेनोस आयरेसच्या स्पॅनिशमधील ‘जर’युक्त वाक्यांवर प्रबंध सादर केला. अशा वाक्यांत तेथील लोक क्रियापदाची वेगवेगळी रूपे वापरतात. लबॉव्ह यांची पद्धत गृहीत धरते की एकच गोष्ट सांगण्याच्या या दोन रीती आहेत. मग कोणता वर्ग कोणती रीत किती वापरतो ते मोजता येते. शब्दातील ध्वनी बदलला तर अर्थ तोच राहतो, तेव्हा हे गृहीतक चालते. क्रियापदाचे रूप बदलल्यावर अर्थ तोच राहतो हे कोणी ठरवले? शक्यता किती दूरची आहे, याविषयीचा बोलणाऱ्याचा अंदाजच त्या रूपांतून व्यक्त होत असेल तर? १९७८ च्या आपल्या लेखात लाबान्देरांनी हा प्रश्न थेट त्या पद्धतीच्या मर्यादेविषयी उपस्थित केला आणि समाजभाषाविज्ञानाला त्याची दखल घ्यावी लागली. एका पदव्युत्तर प्रबंधातील स्पॅनिश सामग्रीने आयत्या सिद्धान्ताला दुरुस्त केले, ते अर्थाच्या सूक्ष्म छटा ऐकू येणाऱ्या कानामुळे. हा कान वाचनाने घडतो. केवळ आकडेवारीने नाही.

आता दुभंगाची खरी किंमत जेथे मोजावी लागते त्या प्रकरणाकडे वळू. पेरूचे कादंबरीकार होसे मारिया आर्गेदास यांचे बालपण केचुआ बोलणाऱ्या माणसांत गेले. ‘यावार फिएस्ता’ ही त्यांची कादंबरी १९४१ ची. तिच्यातील आदिवासी ग्रामस्थ ज्या स्पॅनिशमध्ये बोलतात तिची वाक्यरचना कास्तिलियनच्या घडीतून विस्कटलेली आहे : उपपदे गळालेली, धातुसाधितांची रेलचेल, शब्दक्रम हललेला. ही भाषा कोणाची? १९५० मध्ये लिहिलेल्या एका निबंधात खुद्द आर्गेदासांनी खुलासा केला, की आपसात केचुआ बोलणारी ही माणसे अशी स्पॅनिश बोलत नाहीत. केचुआ मनाला स्पॅनिशमध्ये आणण्यासाठी घडवलेले ते एक साधन आहे. ‘लोस रिओस प्रोफुन्दोस’ या १९५८ च्या कादंबरीत त्यांनी ते साधन मोठ्या प्रमाणात बाजूला ठेवून वेगळा मार्ग स्वीकारला.

दुसऱ्या बाजूला अँडीज पर्वतप्रदेशात एक खरीखुरी, लक्षावधी लोक बोलतात अशी स्पॅनिश आहे, आणि तिच्यावर केचुआ आणि आयमारा यांच्या सहवासाचे ठसे आहेत. तीत ‘माझ्या भावाचे त्याचे घर’ अशी दुहेरी स्वामित्वदर्शक रचना आढळते. पूर्णभूतकाळाचे रूप तेथे वेगळेच काम करू लागते : बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेली, मागाहून कळलेली किंवा अचानक ध्यानात आलेली गोष्ट सांगण्यासाठी ते वापरले जाते. ‘दिसे’, म्हणजे ‘म्हणतो’, हे क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊन ऐकीव माहितीची खूण बनते. ‘पाटील गाव सोडून गेले म्हणे’ या वाक्यातील ‘म्हणे’ ज्याच्या जिभेवर आहे त्याला ही रचना एका क्षणात उमगावी. केचुआत आणि आयमारात ज्ञानाचा स्रोत सांगणारे प्रत्यय व्याकरणाचा भागच आहेत. ती गरज स्पॅनिशच्या उपलब्ध रूपांतून भागवली गेली.

या दोन गोष्टी एकाच टेबलावर यायला नकोत काय? साहित्याच्या शाखेत आर्गेदास वाचले जातात ते आन्हेल रामा यांच्या १९८२ च्या ग्रंथातील ‘संस्कृत्यंतरण’ या संकल्पनेच्या चष्म्यातून. प्रबंधात केचुआचा उल्लेख दर दहा पानांनी होतो, पण केचुआचा एकही प्रत्यय उलगडून दाखवला जात नाही. भाषाविज्ञानाच्या शाखेत अँडीजची स्पॅनिश शिकवली जाते ती भाषासंपर्काच्या प्रकरणात. तेथे आर्गेदासांचे नाव निघाले तर ते शोभेपुरते. परिणाम असा, की पहिला विद्यार्थी कादंबरीतील घडीव भाषेला ग्रामस्थांची प्रत्यक्ष बोली समजण्याचा, म्हणजे कास्त्रो यांचीच चूक पुन्हा करण्याचा धोका पत्करतो. आणि दुसऱ्याला हे दिसतच नाही, की भाषासंपर्कातून निर्माण होणाऱ्या रचनांपैकी कोणत्या वाचकाच्या कानाला ‘आदिवासी’ वाटतील, याचा निवाडा एका द्वैभाषिक लेखकाने प्रत्यक्ष करून ठेवला आहे. भाषकाच्या स्वतःच्या भाषाजाणिवेचा असा दस्तऐवज सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीतून कधीही हाती लागणार नाही. ही दोन्ही कामे एकाने करणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी आल्बेर्तो एस्कोबार यांच्याकडे पाहावे. पेरूच्या स्पॅनिशमधील भाषिक वैविध्याचा अभ्यास करणाऱ्या या भाषावैज्ञानिकाने १९८४ मध्ये आर्गेदास आणि भाषेचे स्वप्न यांवर पुस्तक लिहिले. ते लीमामध्ये लिहिले गेले, स्पॅनिशमध्ये लिहिले गेले, आणि कदाचित म्हणूनच उत्तरेकडील दोन्ही शाखांच्या वाचनयाद्यांत त्याला हक्काचे स्थान मिळाले नाही.

हा भाषेचा मुद्दा गौण नाही. आर्गेदासांचेच एक श्रेष्ठ समीक्षक आन्तोन्यो कोर्नेहो पोलार यांनी १९९७ मध्ये, आपल्या आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या टिपणात एक इशारा दिला होता. लॅटिन अमेरिकेविषयीचे इंग्रजीतील समीक्षालेखन इंग्रजीतीलच संदर्भांवर पोसले जात आहे, स्पॅनिशमध्ये कष्टाने साठवलेल्या विचाराकडे पाठ फिरवत आहे आणि त्यातून एक विचित्र उतरंड तयार होत आहे, असा त्याचा मथितार्थ. ते बोलत होते साहित्यसमीक्षेविषयी. पण त्यांचा इशारा भाषाविज्ञानाला अधिक लागू पडतो. उदाहरणे स्पॅनिशमध्ये, त्यांखाली इंग्रजी अर्थ, भोवती इंग्रजी युक्तिवाद, ही लेखाची रीत इतकी रूढ झाली आहे, की स्पॅनिश ही विचार करण्याचीही भाषा आहे, तिला १४९२ च्या नेब्रिहांपासून आणि १८४७ च्या आन्द्रेस बेयो यांच्यापासून स्वतःची व्याकरणमीमांसा आहे, हे विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावे लागते. बेयोंनी आपले व्याकरण अमेरिकेतील लोकांच्या वापरासाठी लिहिले आणि लॅटिनचे साचे स्पॅनिशवर लादण्यास नकार दिला. लॅटिनच्या जागी इंग्रजी ठेवली, की त्यांचा नकार आजही तितकाच ताजा आहे.

या दुभंगाचे सर्वांत क्रूर रूप मात्र संशोधनात दिसत नाही. ते पहिल्या वर्षाच्या भाषावर्गात दिसते. संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांत प्राथमिक स्पॅनिश शिकवण्याचा मोठा भार संशोधक विद्यार्थ्यांच्याच खांद्यावर असतो. समोर बसलेल्यांत घरी स्पॅनिश ऐकत वाढलेली मुले असतात. न्यू मेक्सिकोतील जुन्या वस्त्यांमधून आलेली एखादी मुलगी ‘मी आणले’ या अर्थी ‘त्राखे’ न म्हणता ‘त्रुखे’ म्हणते. तिच्या वहीवर लाल रेघ ओढली जाते. त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, ‘दोन किखोते’च्या वर्गात हेच ‘त्रुखे’ सेर्वान्तेसच्या काळातील रूप म्हणून तळटीपेचा मान मिळवते. न्यू मेक्सिकोच्या स्पॅनिशमधील अशा जुन्या थरांवर आउरेलिओ एस्पिनोसा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच काम सुरू केले होते. म्हणजे माहितीचा दुष्काळ नव्हता. लाल रेघ ओढणारा साहित्याचा विद्यार्थी असेल तर त्याला भाषेचा इतिहास अनिवार्य नव्हता. भाषाविज्ञानाचा असेल तर सेर्वान्तेस अनिवार्य नव्हता. त्या मुलीला मात्र एवढेच कळते, की तिच्या आजीला स्पॅनिश येत नाही.

या व्यवस्थेचा बचाव नेहमी दोन कारणांनी केला जातो. पहिले, ज्ञानाचा विस्तार इतका झाला आहे की विशेषीकरण अटळ आहे. विशेषीकरण अटळ आहे हे मान्य. परंतु ते शिडीच्या वरच्या पायरीवर व्हावे, प्रवेशद्वाराशी नव्हे. ध्वनिप्रयोगशाळेत पाच वर्षे घालवणाऱ्याने त्याआधी एक वर्ष संहिता वाचण्यात घालवले तर ध्वनिविज्ञानाचा ऱ्हास होत नाही. नावार्रो तोमास यांचा झाला नव्हता. दुसरे कारण नोकऱ्यांचे. भाषाविज्ञानाच्या जागा वेगळ्या निघतात, साहित्याच्या वेगळ्या; विद्यार्थ्याने बाजारपेठ पाहू नये काय? जरूर पाहावी. पण बाजारपेठच काय सांगते तेही ऐकावे. आधुनिक भाषा संघटनेच्या गणनेनुसार २०१६ मध्ये तेथील उच्चशिक्षणात स्पॅनिशच्या वर्गांतील नोंदणी सात लाखांवर होती. २०२१ मध्ये ती ५ लाख ८४ हजारांच्या आसपास उतरली. आणि हे अशा देशात, जेथे २०२० च्या जनगणनेत सहा कोटींहून अधिक लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक वा लातिनो म्हणून नोंदवले! २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने तर जागतिक भाषांच्या विभागातील पदवी अभ्यासक्रमच रद्द करण्याचा निर्णय घेतला. विभाग बंद करणारे प्रशासन भाषाविज्ञान आणि साहित्य असा भेद करीत बसत नाही. त्याच आधुनिक भाषा संघटनेने २००७ च्या आपल्या अहवालात भाषाशिक्षण आणि साहित्य यांच्या या दुमजली रचनेवर टीका करून एकात्म अभ्यासक्रमाची शिफारस केली होती. मात्र त्या अहवालातही भाषाविज्ञानाने या एकात्मतेत नेमके काय करावे, याचा विचार तोकडाच होता.

मग करावयाचे काय? मागण्या मोठ्या नाहीत. स्पॅनिशमध्ये पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला, त्याची शाखा कोणतीही असो, तीन गोष्टी अनिवार्य असाव्यात. एक, भाषेचा इतिहास आणि निदान एका प्रादेशिक स्पॅनिशचा प्रत्यक्ष, ध्वनिमुद्रित सामग्रीवर आधारलेला अभ्यास. दोन, एका संहितेचे संपूर्ण भाषिक विवेचन, ज्यात साहित्यप्रकार आणि व्याकरण या दोहोंचा निवाडा विद्यार्थ्याला करावा लागेल. तीन, स्पॅनिशच्या सहवासातील एका भाषेचे कामचलाऊ का होईना, पण खरे ज्ञान : केचुआ, नाहुआत्ल, ग्वारानी, बास्क, कातालान, मध्ययुगासाठी अरबी. यांपैकी तिसऱ्या अटीला सर्वाधिक विरोध होईल. तीच सर्वांत आवश्यक आहे. स्पॅनिश कधीही एकटी नांदलेली नाही, आणि इंग्रजी ही एकच दुसरी भाषा ठाऊक असलेल्या अभ्यासकाला तिचे प्रत्येक वैशिष्ट्य एकतर इंग्रजीहून वेगळे किंवा इंग्रजीसारखे, एवढेच दिसते.

हा वाद दूरदेशीचा आहे असे समजून मराठी अभ्यासकाने निर्धास्त राहू नये. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात स्पॅनिशचे पदव्युत्तर अध्ययन चालते, आणि मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थी तेथे जातो तेव्हा तो रिकाम्या हाताने जात नाही. स्पॅनिशमध्ये ‘मी मारियाला पाहतो’ म्हणताना कर्माला ‘आ’ हे अव्यय लागते आणि ‘मी घर पाहतो’ म्हणताना लागत नाही, हा नियम युरोपीय विद्यार्थ्याला पाठ करावा लागतो; मराठीच्या ‘ला’मुळे तो या विद्यार्थ्याच्या अंगात मुरलेला असतो. सजीव, निश्चित कर्माला वेगळे चिन्ह देण्याची ही प्रवृत्ती जगातील अनेक भाषांत आढळते. तिच्या चर्चेत स्पॅनिशशेजारी हिंदीचा ‘को’ येतो, मराठीचा ‘ला’ क्वचित. ‘म्हणे’, ‘ला’, गाळलेले ‘तू’, बदललेले ‘तुम्ही’, हे सारे घेऊन हा विद्यार्थी स्पॅनिशकडे इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय पाहू शकतो. उत्तर अमेरिकेच्या दुभंगलेल्या अभ्यासक्रमाची नक्कल त्याच्या हाती ठेवून, प्रवेशअर्जावरची तीच चौकट त्याच्यापुढे सरकवणे, म्हणजे तो जे घेऊन आला आहे ते दाराबाहेर ठेवायला सांगणे होय. येथील अभ्यासक्रम अजून इतके कठीण झालेले नाहीत की बदलता येऊ नयेत. आमादो आलोन्सोंनी सोस्यूर स्पॅनिशमध्ये आणला तेव्हा प्रस्तावनेत त्याच्याशी वादही घातला. अनुवाद आणि प्रतिवाद ही दोन वेगळी पदे आहेत असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.